दोन टिंबांचा कांदा

आमच्या बँडचं जे काही झालं ते दोन टिंबांमुळे झालं. ही टिंबं मी स्वतः, नगरपालिकेतल्या माझ्या टेबलावरच्या पट्टीने मोजून, काळ्या मार्करने काढली होती. त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही.

बँडचं नाव मुळात 'लोक'. लोक म्हणजे आमच्या स्वीडिश भाषेत रेल्वेचं इंजिन. केनेटचे आजोबा इंजिन चालवायचे, आणि केनेट आमचा गायक, म्हणून नाव त्याचं. दिवसा तो कवळ्या बनवतो. आम्ही वाजवायचो ते ग्लॅम मेटल. आम्ही शाळेत असताना ते जगभर गाजलं आणि आम्हाला गिटार धरता येईपर्यंत संपूनही गेलं. केस पिंजून छताकडे न्यायचे, डोळ्यांत काजळ भरायचं, बिबट्याच्या ठिपक्यांची विजार पायांत कशीबशी चढवायची आणि विरहाबद्दल किंचाळायचं. दोन हजार सालानंतर हे सगळं पुन्हा जिवंत करायची लाट आमच्या देशात आली आणि ती काल्मारच्या नगरपालिकेतल्या बांधकाम परवानगी विभागापर्यंत, म्हणजे माझ्यापर्यंत, पोचली. मी बेस गिटार वाजवतो. मला टक्कल आहे, पण त्याबद्दल पुढे.

"परदेशातले मोठे बँड नावावर टिंबं देतात," केनेट एके दिवशी म्हणाला. "टिंबांशिवाय नाव कसं उघडंबोडकं दिसतं."

आता परदेशात ही टिंबं शोभेची असतात. आमच्याकडे मात्र ते वेगळं अक्षर आहे, त्याला वेगळा उच्चार आहे आणि वेगळा अर्थ आहे. 'लोक'मधल्या ओच्या डोक्यावर दोन टिंबं ठेवली की इंजिनाचा कांदा होतो. हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. आम्हालाही कळत होतं. पण आम्ही जगाचा विचार करत होतो.

माझी बायको अनिका शाळेत शिकवते. तिने पोस्टर बघितलं आणि चष्मा काढून पुन्हा बघितलं.

"स्टाफान, तू यावर कांदा लिहिलायस."

"ते आपल्या गावासाठी नाहीये. जगासाठी आहे."

"बरं. आणि जग कधी येणार आहे काल्मारला?"

अशा प्रश्नांना मी उत्तर देत नाही. परवानगी विभागात मी हेच शिकलोय.

पण जगाच्या आधी गुनवोर आली.

आमच्या देशात चार माणसं तळघरात बसून ड्रम बडवतात तेव्हा ती नुसती बडवत नसतात, ती अभ्यास करत असतात. अभ्यास मंडळ म्हणून नाव नोंदवलं की सरावाला खोली मिळते, आणि खोलीच्या बदल्यात हजेरीपट भरावा लागतो. जुन्या काडेपेटीच्या कारखान्याच्या तळघरातली ती खोली तीन वर्षं आमची होती. दर मंगळवारी संध्याकाळी सहाला. विषय : रॉक संगीत, पुढची पातळी. हजेरी आमचा ड्रमर घ्यायचा. त्याचं नाव ओके, पण तो आयुष्यात एकाही गोष्टीला ओके म्हणालेला नाही. निवृत्त पोस्टमन, शिवाय चाळीस वर्षं नाचगाण्याच्या बँडमध्ये फॉक्सट्रॉट वाजवलेला. आमचं कितीही भयंकर गाणं असलं तरी त्याच्या ड्रमवर जोडपी नाचू शकतील. तुम्ही समोर उभे असलात तरी तो पेन उचलून विचारायचा, "आलास?" आणि तुम्ही "आलो" म्हटल्याशिवाय खूण करायचा नाही.

गुनवोर अभ्यास मंडळांची देखरेख करायची. ऑगस्टमध्ये ती आली, ओकेचे हजेरीपट शेवटच्या पानापर्यंत वाचले आणि विचारलं, "तीन वर्षांत काय शिकलात?"

गिटारवाला मात्स बुटांकडे बघायला लागला. मात्स अंत्यविधीच्या दुकानात नोकरी करतो. गप्प बसणं त्याला जमतं.

"जाहीर कार्यक्रम किती केलेत?"

"एक," ओके म्हणाला. "माझ्या भावजयीच्या साठीला."

"तो घरगुती. तो धरत नाही." तिने पेनचं टोपण लावलं. "तीस सप्टेंबरच्या आत एक जाहीर कार्यक्रम करा. मी स्वतः बघणार. चौघं हजर पाहिजेत, आणि कार्यक्रमाचा विषयाशी संबंध दिसला पाहिजे. नाहीतर एक ऑक्टोबरपासून ही खोली टोपल्या विणणाऱ्यांना. त्यांची बिचाऱ्यांची सहा वर्षं बर्च झाडाची साल गॅरेजमध्ये पडून आहे."

ती गेल्यावर केनेट स्पीकरवर बसला आणि म्हणाला, "खोली गेली तर मी नॉर्वेला जातो. ट्रॉन्डहाइमला भावाची कवळ्यांची कार्यशाळा आहे. तो कधीचा बोलावतोय. इथे माझं आहे काय? घटस्फोटानंतर आठवड्यातला एकच दिवस मी माणसांत येतो, तो मंगळवार."

आम्ही तिघांनी "हं" केलं. आमच्याकडे यापेक्षा जास्त कुणी काही म्हणत नाही.

इथे मी एक गोष्ट सरळ सांगून टाकतो, कारण तेव्हा ती केनेटला सांगता आली नाही. मला केनेटशिवाय मित्र नाही. चाळिशीच्या जवळ आलेला माणूस आमच्याकडे दुसऱ्या माणसाच्या घरी नुसता, काम नसताना, जात नाही. कारण लागतं, यादी लागते, वेळ ठरलेली लागते. मंगळवार गेला असता तर केनेट ट्रॉन्डहाइमला न जाताही गेल्यासारखाच झाला असता. रस्त्यात भेटून आम्ही हवेबद्दल बोललो असतो. मला धडकी भरली होती ती खोलीची नव्हे, त्या हवेबद्दलच्या बोलण्याची.

मग मी अर्ज करत सुटलो. काल्मारमधल्या दोन क्लबांनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने विचारलं, "तुमचं नाव छापताना चुकलंय का?" सप्टेंबरची दहा तारीख आली. केनेट भावाशी फोनवर नॉर्वेजियन ढंगात बोलायला लागला होता. आणि अकरा तारखेला पुलापलीकडून, ओलांड बेटावरच्या एका खेड्यातून पत्र आलं.

'प्रिय कांदा,' असं ते सुरू होत होतं. 'आपलं पोस्टर पाहिलं. एका अख्ख्या बँडने आपल्या पिकाला वाहून घेतल्याचं पाहून आमच्या समितीला गहिवरून आलं. तेवीस सप्टेंबरला आमचा कांदादिन आहे. वर्षाचा सर्वोत्तम कांदा जाहीर करण्यापूर्वी, दुपारी एक वाजता, आपण कांद्यावरची आपली गाणी सादर करावीत. मुलांनाही आवडतील ना? आणखी काही लागत असल्यास कळवावे. आपली, बिर्गिट, अध्यक्ष.'

मी एकोणीस वर्षं लोकांच्या अर्जातल्या चुका काढून ते परत पाठवत आलोय. एकाच्या बाल्कनीची काच चार सेंटिमीटर जास्त होती म्हणून मी त्याचा उन्हाळा वाया घालवलेला आहे. त्याच मी, गैरसमज दूर करायचं सोडून, बिर्गिटला लिहिलं : 'आनंदाने येतो. केस उडण्यासाठी वारा लागेल.'

"आपल्याकडे कांद्यावर एकही गाणं नाहीये," मात्स म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं हे पहिलंच वाक्य.

तेव्हा केनेटच्या लक्षात आलं की नवीन गाणी लिहायची गरजच नाही. आमच्या प्रत्येक गाण्यात इंजिन होतं. फक्त टिंबं द्यायची. आमचं सगळ्यात हळवं गाणं होतं, 'माझ्या इंजिना, मला टाकून जाऊ नकोस.' ते झालं 'माझ्या कांद्या, मला टाकून जाऊ नकोस.' मी चारही वह्यांत टिंबं देत बसलो. ओके म्हणाला, "फॉक्सट्रॉटला चालेल."

मग कपडे. तीन वर्षं सरावाला घातलेल्या बिबट्या विजारींना जो वास येत होता तो लहान मुलांसमोर नेण्यासारखा नव्हता. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सगळ्यांची मिळून धुलाईखोली आहे, तिथे पाटीवर वेळ नोंदवावी लागते, आणि दुसऱ्याच्या वेळेत मशीन लावणं याला आमच्याकडे क्षमा नाही. मला मिळालेली वेळ ऑक्टोबरची होती. रविवारी सकाळी नऊ ते बारा तिसऱ्या मजल्यावरच्या सीव्हची वेळ होती. ती इमारतीच्या सोसायटीची अध्यक्ष. मी त्याआधीच, पाटीवर नोंद न करता, आठ वाजता गेलो आणि नवाला वीस मिनिटं असताना विजारी काढून पसार झालो. कुणीही बघितलं नाही. केनेटच्या विजारीचा गुलाबी रंग मात्र मशीनमध्येच राहिला.

सोमवारी धुलाईखोलीच्या दारावर चिठ्ठी होती. 'माझे पांढरे पडदे गुलाबी करणाऱ्या कुणातरी माणसास. मी नाव घेत नाही. दुसरा मजला. मशीनची जाळीसुद्धा साफ केलेली नाही.' दुसऱ्या मजल्यावर आमच्याशिवाय एक कुटुंब राहतं, आणि ते सहा महिने स्पेनमध्ये असतं. चार दिवस मी जिना चढताना श्वास रोखून धरत होतो.

"जाऊन सांग तिला," अनिका म्हणाली.

"काय सांगू? की नगरपालिकेच्या अधिकाऱ्याची बिबट्याची विजार होती?"

"तुझी नाही, केनेटची."

"त्याने आणखीच वाईट दिसेल."

तेवीस तारखेला केनेटने मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, जोडलेली गाडी आणली. ड्रम, स्पीकर, विजारी, केसांच्या फवाऱ्याचे सहा डबे, सगळं कॅरॅव्हॅनमध्ये. माझ्यासाठी अनिकाने शाळेच्या नाताळच्या नाटकातला देवदूताचा पिवळा टोप आणला होता. सामान रचताना मला कोपऱ्यात एक मोठी बॅग दिसली. तिच्यावर केनेटचं नाव आणि ट्रॉन्डहाइमचा पत्ता.

"हे काय?"

"सोमवारी निघतो," केनेट म्हणाला. "खोली राहिली तर बघू. पण राहणार नाही. कांदादिनाचा आणि रॉक संगीताचा काय संबंध दाखवणार तू तिला?"

मी "हं" केलं.

पुलाच्या अलीकडे पोलिसांनी थांबवलं. खाडीवर वारा सुटला होता. गाड्या जाऊ देत होते, कॅरॅव्हॅन एकही नाही, आणि नुसत्या गाडीत आमचं सामान मावत नव्हतं. साडेअकरा वाजले होते. एक वाजता म्हणजे आमच्याकडे एक वाजता. एक वाजून पाच मिनिटांनी गुनवोरने हजेरीपट मिटला असता आणि घरी गेली असती.

"वारा कधी कमी होईल?" मी पोलिसाला विचारलं.

"तो मला कळवत नाही," पोलिस म्हणाला.

आमच्या मागे निवृत्तांची एक बस उभी राहिली. कांदादिनाला निघालेली. बस जड म्हणून तिला सावकाश जाऊ देणार होते. ओकेच्या ओळखीचे निम्मे लोक तिच्यात होते, ते चाळीस वर्षं त्याच्या ड्रमवर नाचलेले. तो ड्रम घेऊन थेट दारापाशी गेला. दार उघडलं आणि पायरीवर, हातात प्रवाशांची यादी घेऊन, सीव्ह उभी होती.

तिने ओकेकडे बघितलं, ड्रमकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काजळ घरूनच लावून आलो होतो.

"सामान बसमध्ये घ्यायचंय?" ती म्हणाली. "घेऊ. आधी मला एक सांग, स्टाफान. माझे पडदे तूच गुलाबी केलेस ना?"

बसमधली चाळीस माणसं खिडकीला आली. पोलिसही जवळ सरकला. मी आयुष्यात कधी रांग मोडलेली नाही, कर चुकवलेला नाही. घड्याळात अकरा चाळीस झाले होते. मागे केनेट कॅरॅव्हॅनच्या दारात, त्या बॅगेशेजारी उभा होता.

"मीच," मी म्हणालो. "नवाला वीस मिनिटं असताना."

"आणि जाळी?"

"ती साफ करायची राहिली."

सीव्हने यादीवर काहीतरी लिहिलं. "चढा," ती म्हणाली.

एका निवृत्त सुईणीच्या मांडीवर स्पीकर आणि मांडीखाली फवाऱ्याचे डबे, अशा थाटात आम्ही बेटावर उतरलो. एकला बारा मिनिटं होती. मैदानावर गवताच्या गठ्ठ्यांचं व्यासपीठ, वर कापडी फलक : 'कांदा! मुलांचा लाडका बँड!' केनेट तो वाचून मागे फिरणार होता. मात्सने मुकाट्याने त्याच्या दंडाला धरलं. शोकाकुल माणसाला चार पावलं कशी चालवायची हे त्याला चांगलं माहीत आहे. पहिल्या बाकावर गुनवोर बसली होती, मांडीवर हजेरीपट. ओके तिच्यासमोर उभा राहिला आणि आम्हा तिघांकडे बघून विचारलं, "आलास? आलास? आलास?" मग स्वतःलाच सांगितलं, "आलो."

बिर्गिट धावत आली. "वाऱ्याची व्यवस्था केलीय हं," ती म्हणाली. "गायकाने हात वर केला की लावते." व्यासपीठाच्या मागे कांदे वाळवायचा पंखा होता, उंचीला कोठाराच्या दाराएवढा. आणि पंखा आणि व्यासपीठ यांच्या मध्ये लांबलचक टेबलांवर तीस बायाबाप्ये कांदे चिरत होते. त्यांची चिरण्याची स्पर्धा बारा वाजल्यापासून चालू होती. मी परवानग्या देणारा माणूस. धोका कुठे आहे हे मला दिसायला हवं होतं. पण मी टोप सरळ करत होतो.

पहिली दोन गाणी निघाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, निवृत्तांपैकी दोन जोडपी नाचायला लागली. गुनवोरने काहीच लिहिलं नव्हतं. तिची नजर कागदावरून आमच्यावर आणि पुन्हा कागदावर जात होती, आणि 'विषयाशी संबंध' हा रकाना मला व्यासपीठावरून दिसत होता, कोरा. तिसरं गाणं ते हळवं. केनेटने डोळे मिटले आणि हात वर केला.

बिर्गिटने पंखा लावला.

आधी माझा टोप गेला. तो गुनवोरच्या डोक्यावरून जाऊन एका बाबागाडीत पडला. मग सालं आली, लाल-पिवळी, हजारो, मैदानभर. आणि सालांच्या मागून एक तासभर चिरलेल्या कांद्यांचा वास आला. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत माणसं रुमाल शोधायला लागली. सुईण हुंदके देत होती. सीव्ह यादीने डोळे पुसत होती. केनेटचं काजळ हनुवटीपर्यंत उतरलं. 'माझ्या कांद्या' एवढं म्हणून तो थांबला. पुढची ओळ येईना.

ओके वाजवत राहिला. चाळीस वर्षांत तो मध्येच कधी थांबला नव्हता. फॉक्सट्रॉटच्या तालावर, माइकमध्ये, केनेट म्हणाला, "मला ट्रॉन्डहाइमला जायचं नाहीये."

लोकांना वाटलं गाण्यातच आहे. तिथे सगळेच रडत होते, त्यामुळे एक माणूस खरा रडतोय हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. मला कळलं. मला गाता येत नाही, घरी अनिका मला वाढदिवसाचं गाणंसुद्धा नुसतं ओठ हलवून म्हणायला लावते. मी टकलावर सालं घेऊन त्याच्या माइकपाशी गेलो आणि माझ्या आवाजात, त्याच्याकडे बघत, म्हणालो, "मला टाकून जाऊ नकोस." सूर लागला नाही. पण शब्द नीट आले. दुसऱ्या वेळी मात्सने म्हटलं. तिसऱ्या वेळी बिर्गिट आणि तिची समिती, मग अख्खं मैदान, नाक ओढत.

कार्यक्रम संपल्यावर गुनवोर व्यासपीठापाशी आली. तिचे डोळे लाल होते.

"संगीताबद्दल मला मत नाही," ती म्हणाली. "पण इतक्या वर्षांत विषयाशी इतका थेट संबंध मी कुठल्याच मंडळात पाहिला नाही." तिने रकाना भरला आणि मला दाखवला. खोली आमची. विषय : कांदा लागवड, प्राथमिक पातळी.

तीन वर्षं आम्ही पुढच्या पातळीवर होतो. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मात्सने माझ्या पायावर पाय दिला.

परत येताना पूल मोकळा होता. बसमधून उतरून केनेटने अलीकडे उभी ठेवलेली गाडी काढली, आम्हाला आपापल्या दारात सोडलं आणि "बरं मग" म्हणून निघून गेला. बॅग तशीच आत होती. रविवारी त्याला करायला म्हणून मी तीनदा फोन उचलला आणि कारण सुचेना म्हणून ठेवला. सोमवारी संध्याकाळी धुलाईखोलीवर नवीन चिठ्ठी दिसली. 'दुसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी परवा बरं गायलं. मी नाव घेत नाही. पडदे तसेच राहू देत आहे. जाळीची आठवण मात्र आहे.' एरवी ती मी काढून जपून ठेवली असती. पण तो सोमवार होता, आणि ट्रॉन्डहाइमची गाडी सकाळीच सुटते.

मंगळवारी सहाला पाच मिनिटं असताना मी तळघरात होतो. मात्स आला. ओकेने हजेरीपट उघडला, त्यावर कांद्याचं छोटं चित्र छापलेलं होतं. सहा वाजले.

"स्टाफान, आलास?"

"आलो."

"मात्स?"

"आलो."

"केनेट?"

पेन कागदावर टेकलेलं राहिलं. ओके पोस्टमन होता, तो पत्त्यावर माणूस नसला तर एकदाच थांबतो. सहा वाजून एक मिनिट झालं. दोन झाली. मी बेसच्या तारा लावत होतो, त्या आधीच लागलेल्या होत्या.

मग जिन्यावर पावलं वाजली. केनेट आत आला, केस फुगवलेले, हातात फवाऱ्याचा नवीन डबा.

"बस चुकली," तो म्हणाला.

"आलास?" ओकेने विचारलं.

"आलो."

मी भिंतीकडे वळलो, पण खोली लहान आहे.

"काय झालं रे तुला?" ओके म्हणाला.

"कांदा," मी म्हणालो.

खोलीत एकही कांदा नव्हता. मात्सने तो शोधलाही नाही. अंत्यविधीच्या दुकानात ठेवतात तसला घडीचा कागदी रुमाल त्याने खिशातून काढून माझ्या हातात दिला आणि गिटार लावायला बसला.